पाहुण्याच्या गळ्यातली बारापदरी

"खोलीतली माळ घ्या आणि धावपट्टीवर पाहुण्याच्या गळ्यात घाला. मी बायकांना घेऊन ट्रकमधून मागोमाग येते," एवढंच नवऱ्याला सांगून अकाइती गेली. यात चुकण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नसतं. तुआकेऊलाही वाटलं नाही.

त्यानं आंघोळ केली, रविवारचा फुलाफुलांचा सदरा शुक्रवारीच अंगात घातला आणि खोलीचं दार ढकललं. द्यायची ती शंखांची साधी तीनपदरी माळ दाराच्या मागच्या खिळ्याला टांगलेली होती. दार उघडलं की तो खिळा दाराआड जातो, ही गोष्ट त्या घरात अडतीस वर्षं राहूनही तुआकेऊच्या ध्यानात आली नव्हती. समोर पलंगावर, अकाइतीनं हातानं शिवलेल्या चादरीवर, एक पिवळीधमक माळ नीट पसरून ठेवलेली होती. बायकोनं किती व्यवस्थित काढून ठेवली आहे, असं मनात म्हणत त्यानं ती उचलली, खिशात कोंबली आणि मोटरसायकलला लाथ मारली.

पाहुणा म्हणजे राजधानीच्या बेटावरून, रारोटोंगाहून आलेला पाणीपुरवठा खात्याचा तपासनीस, मताइओ. तिशीतला, सडपातळ, बोलण्याआधी घसा खाकरणारा. आठवडाभर तो मांगाइआ बेटावरच्या टाक्या तपासत हिंडत होता. त्यातली गावची टाकी वीस वर्षं तुआकेऊच्या ताब्यात होती, म्हणून निरोपाची माळ घालण्याचा मानही त्याचाच. धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार लोकांसमोर त्यानं खिशातून माळ काढली, झटकली आणि पाहुण्याच्या गळ्यात घातली.

लोकांच्या माना एकदम पुढे झाल्या. मताइओनं छातीवर पाहिलं. आधी त्याचा चेहरा उजळला, मग हळूहळू उतरला.

"काका, ही... मला?"

"मग काय मला?" तुआकेऊ ऐटीत म्हणाला.

तेवढ्यात चिखलात रुतून उशीर झालेला ट्रक आला आणि गाणाऱ्या बायका खाली उतरल्या. सगळ्यांत पुढे त्यांची म्होरकी पोकोइना. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कोण डुलकी घेतंय हे पहिल्या बाकावर पाठमोरं बसूनही तिला कळायचं. तिनं वीस पावलांवरून पदर मोजले.

"अगं बाई, बारापदरी! अकाइती, पाण्याच्या टाकीवाल्याला बारापदरी? उद्या खुद्द राजेसाहेब उतरले तर काय घर उचलून देणार आहेस का गं?"

अकाइतीनं पाहुण्याच्या गळ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग ती हसली. "पाहुणा तो पाहुणा," ती म्हणाली.

ते हसू तुआकेऊनं संसारात एकदाच पाहिलं होतं, तिला न विचारता तिचं डुक्कर त्यानं चर्चच्या जेवणाला देऊन टाकलं होतं त्या दिवशी. आपण काहीतरी केलंय, हे त्याला कळलं. काय केलंय, ते कळलं नाही.

बायकांनी गाणं सुरू केलं आणि त्याच वेळी पावसानंही. दुसऱ्या कडव्यापर्यंत समोरची धावपट्टी दिसेनाशी झाली. शेडमधल्या बिनतारी यंत्रापाशी बसलेल्या माणसानं हात हलवून सांगितलं, "विमान नाही! आता एकदम सोमवारी!"

आता पाहुण्याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. सरकारी विश्रामगृहातल्या चादरी तो गेला असं समजून सकाळीच भिजवल्या होत्या. कुणी काही बोलायच्या आत अकाइती पुढे झाली. "पाहुणे आमच्याकडे राहतील," तिनं जाहीर केलं. सगळ्यांना तिच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. माळ निदान आपल्या छपराखाली तरी राहावी एवढाच तिचा हिशेब होता, हे कुणालाच कळलं नाही.

घरी आल्यावर पाहुणा कपडे बदलायला गेला. अकाइती खोलीत गेली आणि एक बिस्किटांचा डबा घेऊन बाहेर आली. तो तिनं तुआकेऊसमोर टेबलावर ठेवला, झाकण उघडून. तुआकेऊनं डब्यात डोकावून पाहिलं. आत कापूस होता, आणि कापसात माळेच्या आकाराचा खळगा.

मुलीसाठी करत होती ती माळ अकाइती याच डब्यात ठेवायची. तेव्हा त्याला उलगडलं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी तेरंगी ऑकलंडला गेली. एकोणीस वर्षांची होती. जाण्यावरून मायलेकींचं भांडण झालं होतं. "ज्याला जायचंय त्यानं जावं," म्हणून अकाइती घरीच अळूचे कंद सोलत बसली आणि धावपट्टीवर गेलीच नाही. त्या दिवशी विमानात चढणाऱ्या सात जणांपैकी सहा जणांचे गळे माळांनी भरून गेले होते. गळा मोकळा होता तो फक्त तेरंगीचा. बापाला माळ न्यायचं सुचलं नाही, कारण तो ती बायकांची गोष्ट समजत आला होता. नंतर भांडण मिटलं. दर रविवारी फोन येऊ लागला, मध्ये मुलीनं तिकडे लग्नही केलं. पण त्या मोकळ्या गळ्याबद्दल दोघी कधीच बोलल्या नाहीत. आता येत्या डिसेंबरमध्ये तेरंगी पहिल्यांदा घरी येणार होती. ती परत निघेल त्या दिवसासाठी अकाइती तीन वर्षं पुपू वेचत होती.

पुपू म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठी गोगलगाय. पाऊस पडून गेला की ती बेटाच्या कडेच्या धारदार प्रवाळ-खडकांवर, पानांखाली सापडते. वेचून आणायची, उकळायची, शंख साफ करायचे, एकेकाला सुईनं भोक पाडायचं आणि ओवायचं. बारा पदरांत एकही शंख लहानमोठा नको, म्हणून अकाइती दहांतले नऊ बाजूला टाकायची. शेवटची गाठ तिनं शुक्रवारी सकाळी मारली होती. नुसतं बघावं म्हणून ती माळ तिनं पलंगावर पसरून ठेवली होती.

दिलेली माळ परत मागायची सोय मांगाइआवर नाही. घर मागता येतं, होडी मागता येते, चिडलेला माणूस जमीनसुद्धा परत मागतो. गळ्यात घातलेली माळ मागणारा माणूस मात्र अजून जन्माला आलेला नव्हता.

अकाइतीनं नवऱ्याशी बोलणं बंद केलं. पण पाहुण्याला घरातलं भांडण दाखवणं हाही कमीपणाच, त्यामुळे त्याच्यासमोर ती लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलायची त्याहूनही गोड बोलायची.

"अहो, लिंबात मुरवलेली मासळी घ्या ना अजून. मताइओ, तुमच्या काकांना ती फार आवडते. अहो, मी मुद्दाम तुमच्यासाठी..."

इथे मताइओ पाणी प्यायला उठला आणि वाक्य तिथेच तुटलं. तुआकेऊ ताट पुढे करून थांबला. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मताइओ येऊन बसला.

"...जास्त नारळ पिळलाय," अकाइती म्हणाली आणि तिनं वाढलं.

शनिवारी दुपारपर्यंत तुआकेऊच्या लक्षात आलं, की पाहुणा घरात असेपर्यंतच आपल्याला बायको आहे. तो मताइओला कुठे जाऊच देईना. मताइओ परसात निघाला तर हाही निघे. मताइओ जरा पडतो म्हणाला की तुआकेऊ त्याला बेटाचा इतिहास सांगायला बसे.

आणि माळ सतत समोर. न्याहारीला, जेवणाला, नुसतं बसल्यावरही पाहुणा ती घालून बसलेला. यजमानांच्या घरात माळ काढून ठेवणं बरं दिसत नाही, हे रारोटोंगाच्या माणसालाही ठाऊक होतं.

संध्याकाळी ओसरीवर दोघंच होते. पाऊस पत्र्यावर बडवत होता. मताइओनं घसा खाकरला.

"काका, एक सांगतो, राग मानू नका. मी जे पाहिलंय तेच लिहिणार आहे."

"लिहा की," तुआकेऊ म्हणाला. त्याची नजर माळेवर होती.

"सगळंच लिहावं लागतं. टाकीला गेलेली चीर, झिजलेला व्हॉल्व्ह, त्यावर गुंडाळलेली ती सायकलची ट्यूब..."

"लिहा, लिहा. पण मला सांगा, जड होत असेल, नाही?"

"कशाला? मनाला?"

"गळ्याला हो!"

मताइओचा चेहरा पांढराफटक पडला. का पडला ते तुआकेऊला कळेना. त्यानं खुर्ची आणखी जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "हे बघा, गाठ मला जरा सैल वाटतेय. काढून द्या इकडे. बघतो."

मताइओनं इतक्या झटकन माळ काढली की तुआकेऊ थक्क झाला. ओलं मांजर कुणीतरी अंगावरून उचलावं तसा पाहुण्यानं सुटकेचा श्वास सोडला. माळ तुआकेऊच्या हातात आली. पहिल्यांदाच त्यानं ती नीट हातात धरली. पाण्यासारखी थंड होती आणि बोटांतून घरंगळत होती. आता उठायचं, आत जायचं, डब्यात ठेवायची आणि खिळ्यावरची तीनपदरी घेऊन यायचं. पाहुण्याला काय कळणार?

तो उठला. दारात अकाइती उभी होती. तिच्यामागे, पपई द्यायच्या निमित्तानं आलेली पोकोइना.

"अगं बाई," पोकोइना म्हणाली, "काढून घेतली?"

अकाइतीचा चेहरा लालबुंद झाला. "अहो, पाहुण्याच्या गळ्यातली माळ काढता? लाजबीज काही आहे की नाही?" तिनं नवऱ्याच्या हातातून माळ हिसकून घेतली, क्षणभर, अगदी क्षणभरच, दोन्ही तळव्यांत धरली आणि मताइओच्या गळ्यात घालून वर दोनदा थोपटली. "गाठ अगदी पक्की आहे. मी मारलीय."

"आभारी आहे, मावशी," मताइओ खोल गेलेल्या आवाजात म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये आणखी एक प्रकार घडला. प्रार्थना संपली, माणसं उठली आणि तुआकेऊनं पाहिलं तर शेजारच्या बाकावर, जिथे मताइओ बसला होता, माळ पडलेली! मताइओ भराभरा दाराकडे निघाला होता. देवानं इतक्या पटकन ऐकावं याचं तुआकेऊला आश्चर्य वाटलं. माळेवर डोळे ठेवून तो गुडघ्यांनी बाकांमधून सरकू लागला. हात पोचणार इतक्यात चार बोटं आणि एक भली मोठी अंगठी त्याच्या आधी पोचली.

"ए बाबा! विसरलास!" पोकोइना ओरडली, आणि एवढं मोठं शरीर घेऊन ती भर पावसात पळत सुटली. मताइओ फाटकापर्यंत पोचला होता. त्यानं चालण्याचा वेग वाढवला असं तुआकेऊला वाटलं. पण वीस वर्षं दोन सूर वर गाणाऱ्या बाईच्या छातीत दम भरपूर असतो. तिनं त्याला आंब्याखाली गाठलं आणि सगळ्या गावासमक्ष माळ पुन्हा त्याच्या गळ्यात घातली.

त्या दिवशी जेवताना तिघांपैकी कुणालाच भूक नव्हती. अकाइतीनं तरीसुद्धा नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं दोनदा वाढली.

सोमवारी उजाडता उजाडता पाऊस थांबला. तुआकेऊ उठला तो मनाशी एक ठरवूनच. माळ तर गेलीच होती. डिसेंबरला सात महिने होते. बायको बोलणार नव्हतीच, निदान पुपू तरी वेचून आणाव्यात. त्यानं नारळाची करवंटी घेतली आणि बाहेर आला. पायरीवर मताइओ बसलेला.

"कुठे, काका?"

"पुपू वेचायला."

"मी येतो."

कड्यावर पोचायला अर्धा तास लागला. तिथला खडक म्हणजे नुसत्या सुऱ्या. तुआकेऊ तिथे डुकरांमागे, खेकड्यांमागे शेकडो वेळा गेला होता, पण गुडघ्यांवर कधी बसला नव्हता. पाचव्या मिनिटाला त्याचा गुडघा फुटला, मागोमाग मताइओचाही. पान उचलायचं, खाली बघायचं, नाही. दुसरं पान. एक मिळाली, ती मेलेली. पुढच्या पानाखाली दोन होत्या, एक फारच बारीक. डोळे ताणून पाणी येऊ लागलं. वरून झाडं ठिबकत होती आणि डास कानात गात होते.

दोन तासांनी दोघांनी करवंटीत पाहिलं. तळ झाकला गेला नव्हता.

"काका," मताइओनं विचारलं, "एका पदरात किती लागतात?"

तुआकेऊनं करवंटी हलवून पाहिली. "माहीत नाही," तो म्हणाला.

"मावशी कधीपासून करतात?"

"लग्नाच्या आधीपासून. रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसते. मी शेजारीच असतो." त्यानं आणखी एक पान उचलून पाहिलं. "कधी मोजले नाहीत. खरं सांगू का, कधी बघितलंच नाही. मला वाटायचं ती काहीतरी करतेय. बायका काहीतरी करतच असतात, तसं."

मताइओनं आपल्या छातीवरच्या बारा पदरांवरून हात फिरवला.

"काका, आता राहवत नाही. ही माळ मी ठेवू शकत नाही. माझी नोकरी जाईल."

"नोकरी? माळेनं?"

"तुमची टाकी मी नापास केलीय. आणि त्याच टाकीच्या राखणदारानं मला बेटावरची सगळ्यात भारी माळ घातली. वर म्हणता, जड होत असेल, काढून द्या, बघतो. खात्यात कळलं तर काय म्हणतील? लाच म्हणतील, लाच! परत द्यावी तर तुमचा अपमान. तीन रात्री झोप नाही मला. चर्चमध्ये टाकून पळालो तर त्या बाईनं आंब्याखाली पकडलं."

तुआकेऊच्या पोटातून हसू असं उसळलं की करवंटी कलंडता कलंडता राहिली.

"लाच? अरे वेड्या, नवीन व्हॉल्व्ह पाठवा म्हणून सहा वर्षं मी पत्रं लिहितोय! नापास कर, दोनदा नापास कर! ती माळ मी चुकून घातली. दार उघडलं की खिळा दाराआड जातो..." आणि मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. खिळा, डबा, ऑकलंड, तेरंगीचा मोकळा गळा. सांगताना शेवटी शेवटी हसू कुठे गेलं ते त्यालाही कळलं नाही.

मताइओनं माळ काढली. दोन्ही हातांनी तुआकेऊच्या तळव्यांत ठेवली. "धावपट्टीवर साधी घाला. कुणाला काही कळणार नाही."

परतताना दोघंही शाळा सुटल्यासारखे चालले होते. घरी आल्या आल्या मताइओ आंघोळीला गेला. तुआकेऊनं माळ पलंगावर, जिथून उचलली होती बरोबर तिथे, पसरली आणि बायकोला हाक मारली. अकाइती दारात आली. तिनं माळेकडे पाहिलं. तुआकेऊ शाबासकीची वाट बघत होता.

"मागितलीत?" ती म्हणाली. चार दिवसांत, पाहुणा समोर नसताना बोललेला तिचा तो पहिला शब्द.

"नाही नाही! त्यानंच दिली."

"त्यानंच? त्याला नको होती?"

"नकोच होती. डोक्याला ताप झाला होता त्याला."

"माझी माळ. त्याला. ताप."

आपण खड्ड्यातून निघून विहिरीत पडलोय, हे तुआकेऊला उमगलं. "तसं नव्हे गं. तो म्हणाला, नोकरी जाईल. लाच वाटेल म्हणून..."

"म्हणजे माझ्या माळेला लाच म्हणाला?"

त्यानं खिळा, टाकी, व्हॉल्व्ह, सगळं पुन्हा समजावून सांगायचा प्रयत्न केला. अकाइती ऐकतच नव्हती. तिचं लक्ष त्याच्या गुडघ्यांकडे गेलं होतं. विजार फाटली होती आणि रक्त वाळून काळं झालं होतं.

"हे काय?"

तुआकेऊनं करवंटी पुढे केली. तिनं आत बोट फिरवलं. "निम्म्या चालणार नाहीत," ती म्हणाली. पण करवंटी ठेवून घेतली, आणि गरम पाणी व फडकं घेऊन आली.

दुपारी विमान आलं. तुआकेऊनं या वेळी दाराआडच्या खिळ्यावरची माळ स्वतःच्या हातानं काढली आणि पाहुण्याच्या गळ्यात घातली. मताइओच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदाच तजेला दिसत होता.

"ही तीनपदरी," पोकोइनानं लगेच सांगितलं. "बारापदरी कुठे गेली?"

"पिशवीत असेल," तुआकेऊ म्हणाला.

"पिशवीत नाही," अकाइती म्हणाली. "माझ्याकडे आहे." ती गर्दीतून पुढे आली. तिच्या ओंजळीत माळ होती. तिला अडवावं असं तुआकेऊच्या मनात आलं, पण तिचा चेहरा पाहून तो जागीच थांबला. तिथे ते डुकराच्या दिवशीचं हसू नव्हतं.

"चार दिवस माझ्या घरात जेवलास," ती मताइओला म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला अरे म्हटलं होतं. "माझ्यासाठी गुडघे फोडून घेतलेस. तुला नको असेल तर रारोटोंगाला जाऊन समुद्रात टाक. पण ही एकदा तुझ्या गळ्यात पडलीय, ती काढून घेऊन तुला विमानात बसवणार नाही. मोकळ्या गळ्यानं गेलेलं माणूस अकरा वर्षं डोळ्यांसमोरून हलत नाही."

आणि तिनं माळ त्याच्या गळ्यात घातली. मताइओनं बायकांच्या डोक्यांवरून तुआकेऊकडे कासावीस होऊन पाहिलं. तुआकेऊनं ओठांनीच सांगितलं, 'लिही. आहे तेच लिही.' मग बायकांनी शुक्रवारचं अर्धवट राहिलेलं गाणं पूर्ण केलं आणि विमान उडालं.

ट्रकमध्ये शेजारी बसताना अकाइती म्हणाली, "उद्या पहाटे मीही येते. पान कसं उचलायचं ते तरी शिका. मुळासकट उपटून ठेवलं असेल सगळं."

पुढचे दोन महिने, पाऊस पडून गेला की दोघं नवराबायको गुडघ्यांना फडकी बांधून कड्यावर दिसू लागली. तुआकेऊला एका पदरात किती शंख लागतात ते कळलं, तेव्हा त्यानं पुन्हा एकदा मोजून पाहिले. त्याला सुईनं भोक पाडणं मात्र जमेना. दहांतले चार शंख फुटत. मग वेचणं आणि उकळणं त्याच्याकडे आलं, ओवणं तिच्याकडे राहिलं. संध्याकाळी दिव्याजवळ तो आता रेडिओ लावायचा नाही. एक-एक शंख उजेडात धरून विचारायचा, "हा?" ती न बघता सांगायची, "टाका."

मधल्या काळात जहाजानं नवा व्हॉल्व्ह आला. सोबत खात्याचं पत्र होतं, की सरकारी टाकीला सायकलची ट्यूब गुंडाळणं हे अत्यंत गैर असून संबंधितांस सक्त ताकीद देण्यात येत आहे. तुआकेऊनं ते पत्र चौकटीत लावायला काढून ठेवलं.

आणि एका रविवारी तेरंगीचा फोन आला, समोरासमोर दिसणारा. अकाइतीनं फोन हातात घेतला आणि तिचा हात तसाच राहिला. मुलीच्या गळ्यात बारापदरी होती.

"आई, अगं, इथे राहणारी रारोटोंगाची एक बाई आज दारात आली. भाच्यानं पाठवलंय म्हणाली. माझं नाव विचारलं, खात्री करून घेतली आणि दारातच गळ्यात घातली. म्हणाली, आमच्या मुलाला ही मिळाली होती. मिळालेली माळ परत करता येत नाही, पण पुढे देता येते. आई, ही तुझीच ना? तुझी गाठ ओळखली मी."

अकाइतीनं फोन डोळ्यांजवळ धरला. तुआकेऊ तिच्या खांद्यावरून बघत होता.

"सरळ उभी राहा," अकाइती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच येण्याच्या बेतात होता. "केस मागे घे. गाठ पाठीमागे जाऊ दे. हं. खांदे पाड जरा."

"आई, रडतेस का?"

"नाही. उजेड डोळ्यावर येतोय."

"मला माहीत आहे ही कधीची आहे ते," तेरंगी म्हणाली. "मी पण त्या दिवशी मागे वळून बघितलं नव्हतं गं. तू आली असतीस तरी मला दिसली नसतीस."

फोन बंद झाल्यावर दोघं ओसरीवर येऊन बसली. टेबलावर नव्या माळेचे दोन पदर तयार होते. तुआकेऊनं दुखरे गुडघे हळूहळू लांब केले आणि एक समाधानाचा सुस्कारा सोडला.

"चला. तिची तिला पोचली. म्हणजे आता आपलं काम संपलं."

अकाइतीनं सुई उचलली, उजेडाकडे धरली आणि दोरा ओवला.

"असं कसं? डिसेंबरमध्ये ती एकटी येणार आहे का? जावयाला मान नाही?"

तुआकेऊनं मुकाट्यानं गुडघ्यांना बांधायची फडकी शोधायला घेतली.